पाचशेच्या पाकिटातली बत्तीस

— नाही, हलू नकोस. पार्सलची टेप आहे ती, तुझ्याच गाळ्यातली — हललास की कातडीसकट निघेल. आणि शटर अर्धंच खाली आहे म्हणून कुणी येईल, ही आशा सोड, कोंपाद्रे. जेवायची वेळ, त्यात सोमवार — दुकानांची ही अख्खी गॅलरी मसूर-भातावर बसलीय. लिमात सोमवारच्या मसुरावरून कोण उठतं? कुणी नाही. तर तोवर तू माझं गिऱ्हाईक. बोला साहेब, काय हवं? साधा लॅपटॉप, पोरीच्या शाळेला? मग विचार ना, रॅम किती लागते. तू काय सांगतोस लोकांना? "चार भरपूर झाली, बाई." भरपूर! चारमध्ये ब्राउझर उघडला की मशीन धापा टाकतं. आठ. आठच्या खाली हात लावायचा नाही. आणि स्टोरेज? अडीचशे. चौसष्टवाल्यात अर्धी जागा विंडोजच खातं, उरलेली अपडेट खातं. रॅम म्हणजे ओटा, स्टोरेज म्हणजे कोठी — ओटा लहान असला तर स्वयंपाक रखडतो, इतकंच. पण कोठीच खोटी निघाली तर? ही बंदूक ओळखतोस ना, चिप उखडायची, गरम हवेची? तापू दे जरा.

नेलिदाचा लॅपटॉप चौसष्टचा होता. नेलिदा, माझी बहीण — माझ्या पोरीचा धर्मबाप, माझा कोंपाद्रे म्हणून चर्चमध्ये पोरीला हातात धरलंस, तेव्हा तुझ्याच शेजारी उभी होती की, बाह्या मनगटापर्यंत ओढून. भर उन्हाळ्यात. पर्सी मारायचा तिला. पट्ट्यानं, कढईनं, नवऱ्याच्या हाताला जे लागेल त्यानं. ती म्हणाली, दादा, मी कॅमेरा चालू ठेवते, सगळं साठवते, पण जागाच संपली. माझ्याकडे डिस्क नव्हती. मग मी काय केलं? आपण सगळे करतो तेच — तिला स्टुलावर बसवलं आणि शेजारच्या गाळ्यातून माल मागवला. तुझ्याकडून. तुझं मी विकायचं, माझं तू विकायचंस, पाकीट फोडून बघायचं नाही — का? कारण गॅलरीतला माणूस गॅलरीतल्याला फसवत नाही. पाचशे बाराची दिलीस. सीलबंद.

आता बघ, त्याच डिस्कचं लेबल कसं सुटतंय — वास येतोय? खाली काय आहे, वाच. बत्तीस. बत्तीस रे हरामखोरा! मशीनला पाचशे दाखवते, आणि बत्तीस भरली की मुकाट्यानं जुन्यावर नवं लिहीत सुटते. ती रोज मार खायची, रोज साठवायची, आणि तुझी डिस्क रोज तिचा मार पुसून टाकायची. कोर्टात फायली उघडल्या. नावं सगळी जिथल्या तिथे, आत काही नाही. एक चालली, एकच — त्यात नेलिदा बटाटे सोलत होती. पर्सी हसला. न्यायाधीशबाईंच्या तोंडावर हसला, आणि दोन दिवसांनी नेलिदाच्या दारात जाऊन उभा राहिला. शनिवारी दफनभूमीच्या भिंतीतल्या कोनाड्यात तिची शवपेटी सरकवली, गवंड्यानं तोंडावर सिमेंट लिंपलं, आणि तू फुलं घेऊन आलास. पांढरी. फुलं आणलीस तू! पोलीस पर्सीला शोधतायत म्हणे. शोधू देत.

रडू नकोस. एकच विचारतो, मान हलव फक्त. डिस्क कुणासाठी चाललीय, हे ठाऊक होतं तुला? नाही? नाही म्हणतोस? — म्हणजे परकी बाई असती तर चाललं असतं. तिनं मरावं, तिच्या भावानं सिमेंट बघत उभं राहावं, तुझं काय जातंय! हात दे इकडे. उजवा, लेबलं चिकटवतोस तो. दे म्हणतो ना! आणि ते मान हलवणं बंद कर, डोळे मिटून नाही-नाही करणं — पर्सीनंही काल अशीच हलवली, गाडीच्या मागच्या सीटवर, आईची शपथ घालून, अगदी शेवटपर्यं—

काही नाही. काय ऐकलंस? काही बोललो नाही मी. असा बघू नकोस, कोंपाद्रे. अरे, मी तर बोटं — नुसती बोटंच भाजणार होतो तुझी, पुन्हा लेबल धरता येऊ नये एवढीच. मग सोडणार होतो. खरंच सोडणार होतो. पोरीचा धर्मबाप तू. कशाला ऐकलंस रे? कशाला ऐकलंस आता?

— कोण? आलो, आलो, बाई, शटर नका वर करू, आत वायर उघडी आहे! लॅपटॉप? मुलीच्या शाळेला? आठ घ्या. आठची रॅम, अडीचशेची डिस्क, आणि समोर उघडून, भरून बघितल्याशिवाय घेऊ नका — कुणाकडून नाही, माझ्याकडूनसुद्धा नाही. आज नाही जमणार. उद्याही नको, पलीकडच्या गॅलरीत जा. आवाज? कसला आवाज? नाही हो, बाई. आत कुणी नाही.