रबराच्या बाळाची आंघोळ

गावच्या आरोग्य केंद्रातल्या बाकावर माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या. भावजयीचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

"वहिनी, दादा कुठंय?"

"आत वर्गात. बाळाला आंघोळ घालायला शिकताहेत."

"कुणाच्या बाळाला?"

"रबराच्या."

"आपला दादा? त्यानं स्वतःची पोरं चालायला लागेपर्यंत उचलली नव्हती!"

"तेच ते. लेकीचं बाळंतपण तोंडावर आलंय आणि माझा हात हा असा. मग जातील कुठं?"

"पण तुझं प्लास्टर आज निघणार होतं ना?"

"निघणार होतं. मीच डॉक्टरीणबाईंना म्हटलं, राहू द्या आणखी थोडे दिवस. त्या म्हणाल्या, आठवडाभरानं काही बिघडत नाही."

"अगं, खाजेनं जीव नकोसा झालाय म्हणत होतीस!"

"वन्सं, हळू बोला. हात बरा झालाय हे कळलं, तर ते या दारातून थेट घरच्या आरामखुर्चीत जाऊन बसतील."

तेवढ्यात दार उघडलं. कोपरापर्यंत भिजलेल्या बाह्या झटकत एक आजोबा बाहेर आले.

"काय दादा, जमलं का?"

"न जमायला काय झालं? नर्सबाई सगळ्यांना म्हणाल्या, मानेखाली हात कसा धरायचा ते यांच्याकडून शिका."

"मग आता वहिनीलाही शिकव."

"तिला कशाला? प्लास्टर निघालं तरी महिनाभर तिनं बाळाला हात लावायचा नाही. आंघोळ मीच घालणार."

"ऐकलंत ना, वन्सं? आता त्यांचा शब्द मोडायचा तरी कसा?"