उसवलेला पुरावा

...आणि वर मलाच विचारतात, "पुरावा काय?" अहो, मी शिंपी माणूस! चाळीस वर्षं मापं घेतोय, मला माणसं कळत नाहीत? तुम्हाला सांगतो, माझा सख्खा मोठा भाऊ, दोन वर्षांपूर्वी दुकानासमोरून गेला. मी हाक मारली, "दादा!" तर पठ्ठ्या पलीकडच्या भिंतीला पाठ घासत, आभाळाकडे बघत, सरकत सरकत पसार! झालं, मीही बोलणं टाकलं. तेव्हापासून झोप उडाली, गिऱ्हाइकांवर खेकसतो, परवा एकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या... आणि त्यात कळलं, दादा रविवारी कायमचा लेकीकडे राहायला चाललाय. "जाऊ दे की!" म्हणालो. म्हणालो हो, पण घास उतरेना. मग बायकोने धरून नेलं समुपदेशक बाईंकडे.

बाईंचा आवाज काय गोड! "काका, घटना वेगळी, तिच्याबद्दलचा आपला विचार वेगळा. त्रास विचार देतो. घटना काय?" म्हटलं, भाऊ थांबला नाही. "विचार?" त्याला मी नकोसा झालो! "पुरावा काय?" घ्या! वर वहीत रकाने आखून दिले, म्हणे दुसरी तीन कारणं लिहून आणा. लिहिली. एक, ऐकू आलं नसेल. दोन, मान धरली असेल. तीन, आखडूच आहे मेला! तिसरं बाईंनी खोडलं. इकडे घरी चहा गार आहे म्हणायची सोय नाही, बायको लगेच, "पुरावा काय?"

शेवटी बाई म्हणाल्या, "त्यांनाच विचारा ना!" गेलो शनिवारी. घरभर खोकी, दादा दोरी बांधतोय... विचारलं एकदाचं, "त्या दिवशी थांबला का नाहीस रे?"

दादा म्हणतो कसा, "थांबलो असतो तर तू 'आत ये' म्हणाला असतास! अरे, तूच शिवलेली पँट मागून फाटकन उसवली होती, पार वरपासून खालपर्यंत! तुझ्या मनाला लागलं असतं. आणि नंतर तूच तोंड फिरवलंस, मला वाटलं, तुला कळलं, लाजला असशील."

मी उसळलोच! "माझी शिवण? उसवली? काहीतरीच! पुरावा काय?"

दादाने खोकं उघडलं आणि पँट फेकली अंगावर. दोन वर्षं जपून ठेवली होती हो! दुसऱ्या शिंप्याकडे टाकली नाही, म्हणाला, "तुझं नाव खराब झालं असतं."

आता उद्या त्याची गाडी, आणि मी इथे दुहेरी शिवण घालत बसलोय... सुईत दोरा काही जाईना. बायको विचारते, "अहो, रडताय की काय?"

मी म्हटलं, "पुरावा काय?"