कावळ्यापुढं ठेवलेली सिगारेट

मावशी, चुडाव्याची मंडळी, आणि गणेशच्या कॉलेजातल्या मित्रांनो,

शोकसभेत बोलायची मला सवय नाही. तरी बोलते. काल दहाव्याला नदीवर जे झालं, ते तसंच सोडून मला जाता येणार नाही.

मोटारसायकलच्या अपघातात गणेश गेला. त्याआधी, दिवाळीपासून, त्यानं सिगारेट सोडली होती. परभणीला गणेश शिकायचा त्या आमच्या कॉलेजात मुलांना सिगारेटपासून लांब ठेवण्यासाठी मी मोबाइलवरचं एक ॲप शिकवते. तलफ आली की बटण दाबायचं. आपल्याच माणसाच्या आवाजात ते सांगतं, थांब. दोन मिनिटं थांबलं की तलफ ओसरते.

गणेशनं आवाज घेतला त्याच्या आईचा, या मावशींचा.
"माय, नुसतं थांब म्हण."
"कशापायी रे?"
"म्हण तर."

स्टेशनबाहेरच्या टपरीवर तो बटण दाबायचा. मित्रांनो, तुम्ही हसायचात. "मायचा फोन आलाय, जा दूध पी." तो ऐकून घ्यायचा. पण थांबायचा.

काल पिंडाला कावळा शिवेना. कुणी म्हणालं, त्याला आवडायची ती ठेवा. मित्रांनो, तुमच्यातल्याच एकानं सिगारेट पेटवून पानावर ठेवली. कावळा आला. भाताला चोच लावली. आणि सगळे म्हणाले, "बघा, जीव तिच्यातच अडकला व्हता."

येताना मावशींनी मला विचारलं, "पोरी, मला खोटं सांगितलं व्हय गं त्यानं?"

याचं उत्तर कोण देणार? कावळा? बटण किती वेळा दाबलं याची नोंद असलेला गणेशचा फोन तर त्याच्यासोबतच चिरडला. त्याला रोज नाही म्हणताना पाहिलं, ते तुम्ही. आणि काल नदीवर तुम्हीच माना डोलावत होतात. जिवंतपणी जी त्याच्या हातात देता आली नाही, ती मेल्यावर दिलीत. आता तरी समाधान झालं?

आमच्या घरात शिकलेली मी पहिलीच. कावळ्याची वाट बघणारी माणसं माझ्याही घरात आहेत. त्यांना मी हसत नाही. मी तुम्हाला विचारते आहे.

मावशी, तो खोटं बोलला नाही. कावळ्याला भूक लागली होती, एवढंच. तुमचं 'थांब' त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

आता सगळे उभे राहू. मावशींना आज ते म्हणवणार नाही, म्हणून मी म्हणते.

थांबा. दोन मिनिटं. टपरी कुठं पळून जात नाही.