गोंगाटात धरलेली टिकटिक

ताई : अवजारं पेटीत का भरतोयस? आणि मास्तरांचं घड्याळ?

घड्याळजी : तिसऱ्यांदा परत आलंय. टिकटिकच ऐकू येत नाही, तर ताल चुकतोय हे कळणार कसं? दुकान बंद करतोय, ताई.

ताई : ही नवी कानयंत्रं घातलीस तेव्हा तर मुंगी शिंकली तरी सांगायचास!

घड्याळजी : गेल्या आठवड्यात कंपनीने परस्पर काहीतरी बदललं. फोन केला तर तिथली मुलगी गोड आवाजात म्हणते, टिकटिक आम्ही गोंगाटात धरलीय. तुमच्याच आरामासाठी.

ताई : मग काढ ना ती कानांतून! जुनं यंत्र खणात पडलंय, ते लाव.

घड्याळजी : बोल की. गप्प का बसलीस?

ताई : गप्प कुठे? काढून टाक म्हणतेय!

घड्याळजी : नुसते ओठ हलवतेस. या वयात चेष्टा करतेस होय माझी?

ताई : छोट्या, खिडकी लावू का?

घड्याळजी : नको, असू दे उघडी.

ताई : म्हणजे हे ऐकू येतं. आणि यंत्र काढ म्हटलेलं?

घड्याळजी : 'हे ऐकू येतं' इथवर आलं. पुढे सगळं शांत.

ताई : अगं बाई! थांब, कागद दे. हं, हे वाच. मोठ्याने.

घड्याळजी : "छोट्या, ही यंत्रं कानांतून काढ, जुनं लाव." ...ताई, मी वाचलं ना आत्ता?

ताई : वाचलंस की. खणखणीत.

घड्याळजी : मग माझाच आवाज मला का नाही आला?

ताई : काटा आला रे अंगावर. इकडे ये, मीच काढते.

घड्याळजी : हां, हे आलं. तुझ्याच आवाजात, अगदी स्पष्ट. "राहू दे कानांत, दादा. होईल सवय."

ताई : हे मी नाही बोलले!

(घड्याळजी दोन्ही यंत्रं काढून टेबलावर ठेवतो.)

घड्याळजी : धाकट्या भावाला तू दादा कशाला म्हणशील? घे, काढली. आता मला काही ऐकू येणार नाही, नुसती मान हलव. परवा मी पाठमोरा बसलो होतो, तेव्हा मागून "दुकान बंद कर आता" म्हणालीस... ती तूच होतीस ना?