‘पाहिले’ म्हणजे पाहिले नव्हे

नाही नाही, ताई, तोंडातल्या पिना तशाच असू द्यात, तुम्ही बोलायला लागलात तर माझं राहून जाईल – हातही चालू ठेवा, तो कोट कोणाचा असेल त्याला आज हवा असेल – मला फक्त एका ओळीपुरता ग्रुप उघडून हवाय. एक ओळ. सकाळी तुम्ही ‘यापुढे फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील’ करून ठेवलंत, तेव्हापासून मी खाली लिहायची जागा शोधतोय आणि तिथे जागाच नाही. गल्लीत चाळीस घरं, चाळीस घरांचा ग्रुप, आणि किल्ली एका शिवणयंत्रापाशी. तक्रार नाही. उलट बरं केलंत, लोक काहीबाही लिहीत होते. पण कुलूप घातलंत ते नेमकं माझ्या शब्दानंतर घातलंत, त्यामुळे झालंय काय, की शेवटचा शब्द माझा राहिलाय.

कुठला म्हणजे? ‘पाहिले.’ पुढे पूर्णविराम. पूर्णविरामसुद्धा दिला, सवयीनं.

तो निरोप तुम्हाला पाठच असेल. फोटोत शाळेचं गेट, गेटाशी पाठमोरा बसलेला माणूस, मांडीवर एका मुलीचं उघडं दप्तर, बोटांत काहीतरी पांढरं. खाली – ‘सावधान. हा माणूस मुलांच्या दप्तरात गुंगीच्या गोळ्या टाकतो. आपल्या लेकरांसाठी पुढे पाठवा.’ आणि त्याच्या खाली माझं ‘पाहिले’. आता तुम्ही कधी कचेरीत नोकरी केली नाहीत, तुमचं भाग्य, म्हणून सांगतो. आमच्याकडे परिपत्रक आलं की ते टेबलाटेबलावरून फिरायचं, आणि प्रत्येकानं समासात लिहायचं – पाहिले, खाली सही. त्याचा अर्थ एवढाच की कागद माझ्या टेबलावर आला होता आणि आता नाही. आत लिहिलंय ते खरं की खोटं, कोणी वाचलं की नाही, याच्याशी त्या शब्दाचा काडीचा संबंध नसे. एकदा आमच्याच शाखेतल्या एका गृहस्थांच्या निधनाचं परिपत्रक निघालं – नावात घोळ झाला होता, वारले होते दुसरे – तर त्यावर ह्या गृहस्थांनी स्वतः ‘पाहिले’ लिहून सही केली आणि कागद पुढच्या टेबलावर सरकवला. पुढच्यानंही केली. मीही केली. संध्याकाळी आम्ही सगळे शोकसभेला गेलो, तेही आले. तर असा तो शब्द आहे, ताई. त्यात डोळे येत नाहीत.

पण गल्लीनं काय वाचलं? हेडक्लार्क काकांनी पाहिलं. स्वतः. गेटवर उभं राहून. दोन मिनिटांत कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं तो निरोप आपल्या गिऱ्हाइकांना पुढे पाठवला, वर लिहिलं, ‘आपल्या गल्लीतील निवृत्त अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहिले आहे’ – अधिकारी, बरं का. सगळ्या नोकरीत कोणी म्हटलं नव्हतं, ते असं मिळालं. आणि दुपारी तोच निरोप मला माझ्या मेहुण्याकडून आला, पार दुसऱ्या गावाहून – ‘एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी रंगेहाथ पकडले.’ खाली मेहुण्याची पुस्ती, तुमच्याच भागातलं ना हे, जपून राहा. मला, म्हणजे, माझ्याच शब्दापासून जपून राहायला सांगत होता तो. आणि तुम्ही तो निरोप ग्रुपच्या माथ्यावर पिन करून ठेवलात. पिना लावायचा हात, समजू शकतो.

हसू नका, टोचेल.

फोटो नीट बघितला होता का, असंच विचारताय ना डोळ्यांनी? नव्हता बघितला. माझ्या फोनवर फोटो आपोआप उघडत नाहीत, नुसता धुरकट चौकोन दिसतो, मुलानंच तसं करून दिलंय, जागा भरते म्हणून. मी मजकूर वाचला. मजकूर तरी कुठे, ‘सावधान’ एवढंच वाचलं. लोकांनी काय काय टाकलं होतं, कोणी हात जोडलेले, कोणी लालबुंद तोंडं, आपण मोठे, आपण काहीच लिहायचं नाही हे बरं दिसेना. म्हणून लिहिलं. हजेरी लावली म्हणा.

तर एवढंच खोडायचंय – ‘मी काहीही पाहिलेले नाही’ – लिहू द्या आणि परत लावा कुलूप. शाळा सुटायच्या आत. कारण फोटोतल्या त्या माणसाला शाळेच्या शिपायानं आपल्या केबिनमध्ये कोंडून ठेवलंय, त्याच्याच भल्यासाठी, आणि गेटवर आत्ताच पंधरावीस माणसं आहेत, शाळा सुटली की सगळेच आईबाप येतील, आणि ती केबिन पत्र्याची आहे, ताई, पत्र्याची आणि काचेची. त्याची पेटी तर त्यांनी आधीच फोडली. चौकीत फोन केला मी, नाही असं नाही. ते म्हणाले, गाडी बाहेर गेलीय, आली की पाठवतो, आणि अहो, तुम्हीच ना ते साक्षीदार? जबाब द्यायला तयार राहा म्हणाले.

मला कसं ठाऊक म्हणजे? शिपायाचा फोन आला होता.

मलाच का. बरोबर. तुम्ही मापं घेता, तुमच्या नजरेतून सुटायचं नाही. मला यासाठी केला, की त्या माणसानं त्याला माझा नंबर दिला. शिपाई म्हणाला, काका, हा म्हणतो तुम्ही ह्याचे भाऊ, आणि बाहेरचे म्हणतात तुम्हीच ह्याला पाहिलंत – तर दोन्हीपैकी खरं काय? फोन स्पीकरवर होता. माणसांचा गलका ऐकू येत होता, आणि त्यातून मागून एक आवाज – दादा आहे का? दादा आहे का फोनवर? तो मला दादाच म्हणतो. चार वर्षांनी ऐकला, पण आवाज काय बदलतो. आणि मी म्हणालो – पिना काढा ताई, खरंच काढा, गिळाल एखादी – मी म्हणालो, ‘खातरजमा करून कळवतो.’

हो. खातरजमा. ज्या निरोपाची करायची त्याची केली नाही, आणि सख्ख्या भावाची करतो म्हणालो.

मग फोटो उघडला. त्याची काही गरज नव्हती तसं पाहिलं तर, पण उघडला. लहानपणी आमच्यात एक सायकल होती, चालवायचा तो, मी मोठा असून मागे बसायचो, मला तोल जमला नाही कधी. शाळेत जाताना रोज समोर तीच पाठ. उजवा खांदा जरा खाली. अजून खालीच आहे.

माझा भाऊ परगावी धातूच्या व्यवसायात आहे, असं मी गल्लीत सांगत आलोय, तुम्हालाही सांगितलंय. अगदीच खोटं नाही. दप्तरांच्या चेनचे रनर धातूचेच असतात. शाळेच्या गेटावरचा तो चेनवाला, ज्याच्याकडून तुम्ही पुडीनं रनर आणता – तो. गेल्या वर्षी इथे बसायला लागला तेव्हा मी माझा रस्ता बदलला, मागच्या बाजूनं जायला लागलो वाचनालयात. लांब पडतं, पण लोकांना सांगायचो की चालणं होतं. त्यानं कधी हाक मारली नाही. मारू शकला असता. नंबर मात्र जपून ठेवलेला दिसतो.

आणि बोटांत पांढरं आहे ते – तुम्हाला काय सांगायचं, मेणबत्तीचा तुकडा आहे. अडकलेल्या चेनच्या दातांवर मेण घासतात, तुम्हीही घासता, तुमच्या यंत्राच्या खणात असेल आत्ता. मग तुम्हाला तरी कळायला हवं होतं, ताई, तुम्ही तर फोटो उघडला असणार – उघडला होतात? आणि मेण ओळखलंत? ओळखलंत. मग माथ्यावर का –

काय? मोठ्यानं बोला, ते यंत्र थांबवा.

‘काकांनी पाहिलंय म्हटल्यावर.’

हं. बरोबर. त्यावर तुम्ही तरी काय करणार. मी तुमच्या भरवशावर पुढे सरकवलं, तुम्ही माझ्या. तुम्हाला काही म्हणायची माझी टाप नाही, मी आपला असाच बोललो.

तर लिहा ना. ग्रुप उघडा आणि माझ्या फोनवर तुमच्या बोटांनी लिहा, मला अक्षरं शोधायला वेळ लागतो. ‘मी काहीही पाहिलेले नाही. बोटांत मेण आहे.’ पुरे. नाही, भाऊ वगैरे घालू नका. कशाला घालायचं? मी तुम्हाला सांगितलं ते तुमच्यापुरतं – कोणी विचारेल, मग काकांना आता कसं कळलं की हा साधा माणूस आहे? विचारेल खरं. तुम्हीच विचारताय. पण ऐका, हेडक्लार्क म्हणून लिहिलं तर चाळीस घरं ऐकतात. चेनवाल्याचा भाऊ म्हणून लिहिलं तर कोण ऐकणार आहे? ठाऊक नव्हतं तेव्हा सगळ्यांनी मानलं, आणि आता ठाऊक आहे ते सांगितलं तर म्हणतील, घरचाच माणूस, झाकणारच. अशी गंमत आहे. पन्नाशीत असतो तर हसलो असतो यावर.

घंटेला किती वेळ आहे अजून? एवढाच?

घाला. घाला भाऊ. ‘तो माझा धाकटा सख्खा भाऊ आहे. तो दप्तरांच्या चेन दुरुस्त करतो. मी काहीही पाहिलेले नाही, फोटोसुद्धा नाही.’ सख्खा लिहिलंत ना? आणि तो वरचा काढून टाका, पिन केलेला. झालं? गेलं? बघू. कोणी वाचलं का? वाचताहेत.

औषधवाल्यानं काय लिहिलंय? वाचा, मला अक्षरं नीट दिसत नाहीत. वाचा हो.

‘सकाळी पाहिले होते, आता भाऊ निघाला. किती पैसे मिळाले काका?’

असू दे. नाही, कुलूप नका लावू आता, उघडंच ठेवा, नाहीतर म्हणतील गप्प केलं. दुसरं कोण लिहितंय? ‘गेटवर चला.’ कोण तो? बरं, कोणी का असेना. तुम्ही त्या मेणाचं लिहा, ताई, तुमच्या नावानं लिहा, मी चेन शिवते, मला कळतं म्हणून लिहा. तुमचं ऐकतील कदाचित. माझं आता पंधरा दिवस तरी कोणी ऐकणार नाही.

मी निघतो. कुठे म्हणजे? गेटवर. तिथे फोटो नाही, तिथे तो आहे, आणि मी त्याच्याशेजारी उभा राहिलो तर निदान चेहरे तरी जुळवून बघता येतील लोकांना, नाकं आमची एकसारखी आहेत. मारतील? मारतील कदाचित. माझ्या वयाच्या माणसाला मारायला जरा वेळ लावतील, तेवढ्यात चौकीची गाडी येईल. आली तर. तो काय म्हणेल ते ठाऊक नाही. मला बघून कोण हा म्हणाला, तरी त्याला तेवढा अधिकार आहे.

नाही, तुम्ही येऊ नका, तुम्ही लिहीत राहा. लिहा ना, ताई, वेळ नाही – बाही सोडा. सोडा म्हणतो ना, उसवली तर उसवू दे.