सोळा नंबरचा पडदा

...नाही, नाक मोडलं त्याचं मला काही नाही हो! नाक काय, मोडतं, सुजतं, पुन्हा जागेवर बसतं. चौतीस वर्षं मी रॉदरहॅममध्ये बस चालवली, फुटबॉलची मॅच सुटल्यावर जे उतारू चढतात त्यांनी माझं नाक दोनदा मोडलंय, पण त्यातल्या एकानंही मला मागाहून माफीचं कार्ड लिहायला लावलं नाही! इथे लावलं. नाक त्यांनी मोडायचं आणि माफी मी मागायची! का? तर म्हणे मी न बोलावता दुसऱ्याच्या कॅरॅव्हानमध्ये शिरलो. अहो, शिरलो, कारण आत एक बाई दुसऱ्या बाईचा जीव घेत होती! मग काय करायचं माणसानं? हवेबद्दल बोलायचं?

तर हो! हवेबद्दलच बोलायचं!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी आणि माझी बायको ग्लेंडा, आम्ही दोघं निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच कॅरॅव्हान, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन मेबलथॉर्पला समुद्रावर गेलो. दोन आठवडे. हिरवळीवर रांगेनं बारा कॅरॅव्हान, दोन कॅरॅव्हानांत सहा मीटर अंतर, आमची जागा सतरा नंबरची. आता कॅरॅव्हानची भिंत म्हणजे काय? भाजलेला पापड! पलीकडे कोणी अंडं फोडलं तर इकडे कळतं उकडलेलं होतं की कच्चं. चार कॅरॅव्हान सोडून कोणी शिंकलं की ग्लेंडा 'जपा हं' म्हणायला तोंड उघडायची आणि तसंच मिटायची. कारण आपण ऐकलेलंच नसतं! हाच तिथला पहिला नियम. भिंतीला कान असतात म्हणतात ना? कॅरॅव्हानच्या भिंतीला नसतात! दुसऱ्याच्या गवतावरून चालायचं नाही. संडासाचा डबा रिकामा करायला निघालेल्या माणसाला 'गुड मॉर्निंग' म्हणायचं नाही. तो माणूस नाही, तो डबा नाही, रस्त्यावरून कोणी गेलंच नाही! मी पहिल्याच दिवशी एकाला म्हणालो, अर्धी रांग माझ्याकडे असं बघायला लागली जणू मी त्या डब्याचं झाकणच उघडलं...

तर शनिवार, दुपारचे चार. आम्ही नुकतीच कापडी पडवी उभी केलेली, ग्लेंडानं चहा ओतलेला, आणि शेजारच्या सोळा नंबरमधून धप्प! मग खळ्ळ! मग अशी किंकाळी की माझ्या कपातला चहा हलला. "मेले! अगं मेले, सोड तो पडदा!" आणि दुसरा आवाज, जाडा, "तुझे हात कापून मांजरांना घालीन!" पुन्हा धप्प! अख्खी कॅरॅव्हान चाकांवर डुलतेय. मी उठलो. अठरा नंबरात मिस्टर गिलरॉय म्हणून एक सडपातळ गृहस्थ खुर्ची टाकून शब्दकोडं सोडवत होते. त्यांना म्हटलं, "ऐकलंत का?"

"काय?"

"अहो काय म्हणजे? हे!"

तेवढ्यात सोळाच्या खिडकीतून एक चपटी बशी आमच्या पडवीवरून उडत आली आणि त्यांच्या पायाशी फुटली. त्यांनी पाय जरासा बाजूला घेतला. म्हणाले, "हवा छान आहे आज."

"रेग, खाली बस," ग्लेंडा म्हणाली. मी बसलो असतो. खरंच बसलो असतो! पण आतून आवाज आला घुसमटल्यासारखा, घर्र घर्र, आणि माझ्यानं राहवेना. गेलो. दार लोटलं.

काय बघतो? दोन म्हाताऱ्या! हेबलव्हाइट बहिणी. थोरली म्युरिअल, एकोणऐंशीची, अंगानं कपाट. धाकटी ईनिड, शहात्तर, काटकी, केसांना रंगीत गुंडाळ्या. दोघींनी चाळीस वर्षं मासे तळायचं दुकान चालवलेलं, त्यामुळे मनगटं म्हणजे लोखंड! म्युरिअलबाई ईनिडबाईंच्या छातीवर बसलेल्या, हातात मासे उलटायचं भलं मोठं उलथनं, आणि खालची वरचीच्या दंडाला चावलेली, कुत्र्यानं हाड धरावं तशी. मी म्हटलं, "बायांनो, सोडा! शोभतं का?" दोघी थांबल्या. माझ्याकडे बघितलं. ईनिडबाईंनी दात सोडवले आणि गोड हसून म्हणाल्या, "अय्या, पाहुणे! चहा घेतोस ना, पोरा?" तुम्हाला सांगतो, मी त्रेसष्ट वर्षांचा, मला पोरा! मी हो म्हणायच्या आत म्युरिअलबाईंनी उलथनं आणलं सपकन माझ्या कानफटात! मी त्यांचं मनगट धरलं, स्वतःला वाचवायला हो, आणि तोच मघाची ती गोड ईनिडबाई ओरडली, "माझ्या बहिणीला हात लावतोस?" आणि भरली किटली घातली माझ्या नाकावर!

कट्! असा आवाज झाला. सगळ्या रांगेनं ऐकला असणार. पण कॅरॅव्हानच्या भिंतीला कान नसतात ना!

जागेचे व्यवस्थापक मिस्टर पिंडर, बर्फ पडला तरी अर्धी चड्डी, हातात नियमांची फाइल, त्यांनी माझ्या नाकाला पट्टी लावली आणि वर मलाच झापलं. "मिस्टर थॅकरे, दोन कॅरॅव्हानांत सहा मीटर अंतर कशासाठी ठेवलंय?"

"आगीसाठी," मी नाकातून म्हणालो.

"बरोबर. दुसऱ्याच्या आगीत कोणी नाक खुपसू नये म्हणून. माफीचं कार्ड लिहा."

लिहिलं! ग्लेंडानं वर एक लिंबाचा केक भाजला. पायरीवर ठेवायचा, दोन पावलं मागे यायचं, आत बघायचं नाही. दाराच्या फटीतून म्युरिअलबाईंचा हात आला, केक आत गेला, दार बंद. जसा काही विहिरीत पडला.

आणि मग रविवारी चार वाजता धप्प! सोमवारी चारला धप्प! लोक घड्याळं लावून घ्यायचे त्यावर. मंगळवारी ईनिडबाईंचा अंगठा बांधलेला, बुधवारी म्युरिअलबाईंचा डोळा वांग्यासारखा. दोघी सकाळी पाण्याच्या नळावर भेटल्या की, "छान ऊन पडलंय, नाही?" आणि रांग म्हणते, "छान पडलंय!" डोळा कोणालाच दिसत नाही. मी गिलरॉयना शेवटी विचारलंच, भांडण कशाचं? आधी त्यांनी पाच मिनिटं ऐकलंच नाही. मग शब्दकोड्यात तोंड घालून, हळूच, म्हणाले, "पडद्याचं."

ईनिडबाईंना पडदा उघडा हवा. येणाऱ्याजाणाऱ्याला हात करायचा, आत बोलवायचं, स्कोन, म्हणजे गोडसर पाव, खायला घालायचे. म्युरिअलबाईंना पडदा बंद हवा. का? तर एकोणसत्तर साली याच कॅरॅव्हानमध्ये, तेव्हा ती त्यांच्या वडिलांची, ईनिडनं खिडकीतून हात करून शेजारच्या एका तरुणाला चहाला बोलावलं. म्युरिअलचं त्याच्याशी जमलं, साखरपुड्याची अंगठी झाली. आणि तिसऱ्या उन्हाळ्यात त्यानं ईनिडला एकटीला गाठून विचारलं, तू माझ्याशी लग्न करशील का? ईनिडनं काय करावं? किटली घेऊन त्याला फाटकापर्यंत बडवत नेला! परत आला नाही. पण म्युरिअल तेव्हापासून एकच म्हणते, पडदा बंद असता तर तो आत आलाच नसता... पन्नासेक वर्षं हो! रोज चारला एक उघडते, दुसरी ओढते, आणि मग उलथनं. वडिलांची कॅरॅव्हान, विकायचीही नाही, सोडायचीही नाही.

मला वाटलं, बरं, ज्याचं त्याला. नाकाला पट्टी असली की माणूस फार शहाणा होतो.

मग गुरुवार उजाडला. चार वाजले. धप्प! मी बिस्किट चहात बुडवलं. आतून ईनिडबाईंचा आवाज, "मेली! मेली!" मी बिस्किट तोंडात घातलं. "अहो, मेली! मेली हो!" पलीकडे कोणीतरी कपात साखर ढवळत होतं. गिलरॉयची पेन्सिल चालू. आणि माझ्या तोंडात ते बिस्किट तसंच राहिलं... अहो? अहो कोणाला? रोज त्या म्हणतात 'अगं मेले', समोरचीला. आज 'अहो'. म्हणजे आम्हाला! आणि 'मेले' नाही, 'मेली'!

"ग्लेंडा, ती शिवी देत नाहीये!"

"रेग, बस," ग्लेंडा म्हणाली. आणि लगेच तिचा चेहरा उतरला. "रेग, ऊठ. पळ!"

पळालो, गवतावरून, दुसऱ्यांच्या गवतावरून! दाराला आतून कडी. "ईनिडबाई, दार उघडा!"

"कसं उघडू रे?" आतून रडका आवाज. "तिचं डोकं खाली ठेवावं लागेल!"

तुम्हाला सांगतो, तेवढं ऐकलं आणि मी पडवीच्या खुंट्या ठोकायचा लाकडी हातोडा आणला आणि हाणला! पहिल्या घावात कडी, दुसऱ्यात बिजागरी, तिसऱ्यात दारच माझ्या अंगावर! दाराखालून निघून आत गेलो. म्युरिअलबाई जमिनीवर, ओठ निळे, श्वास नाही. डोकं ईनिडच्या मांडीवर. "मी मारलं नाही," ईनिड म्हणते, "मी हातसुद्धा लावला नव्हता. ती आज स्वतः उठली पडदा उघडायला. म्हणाली, तुझा हात दुखावलाय, राहू दे, मी उघडते. आणि पडली..."

बोलायला वेळ कुठे होता? बसच्या डेपोत आम्हाला शिकवलेलं, हात छातीवर, सरळ दंड, जोरात! एक, दोन, तीन, चार... आणि कडाड्! बरगडी मोडली. होतं तसं, मोडते, थांबायचं नसतं! पण ते ईनिडला कोण सांगणार? तिनं बहिणीचं डोकं अलगद उशीवर ठेवलं, उलथनं उचललं आणि "तिची हाडं मोडतोस, खाटका!" म्हणून जी सुरुवात केली! मी इकडे अकरा, बारा, आणि पाठीत सट्! तेरा, चौदा, डोक्यात सट्! कडाड्, दुसरी बरगडी. "हरामखोरा!" सट्! सट्! नाकावरची पट्टी कुठे गेली माहीत नाही, रक्त म्युरिअलबाईंच्या एप्रनवर टपटप, आणि मी मोजतोय! थांबलो तर ती मेली, नाही थांबलो तर मी!

तेवढ्यात ग्लेंडा आली. ग्लेंडानं वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात बटाट्यांची पोती उचललीत. तिनं ईनिडबाईंची कंबर धरली आणि दोघी, दार नव्हतंच, सरळ बाहेर हिरवळीवर! गुंडाळ्या एकीकडे, चपला एकीकडे, ईनिड तिच्या खांद्याला चावलेली आणि ग्लेंडा ओरडतेय, "अहो बाई, तो तिला जगवतोय, जगवतोय!" आणि बाहेर? अख्खी रांग उभी! उरलेल्या दहाच्या दहा कॅरॅव्हानांतली माणसं, कप हातात, चेहरे पांढरे. कोणी विचारलं नाही काय झालं. कारण सगळ्यांना माहीत होतं! मंगळवारचा अंगठा, बुधवारचा डोळा, सगळं! कॅरॅव्हानच्या भिंतीला कान नसतात म्हणे... अहो, नुसते कानच होते तिथे, पायच नव्हते कोणाला!

नाही, चुकलो. गिलरॉयना होते. त्यांनी अँब्युलन्सला फोन लावला होता आणि फाटकाकडे धावले होते. अँब्युलन्स आली तर पिंडर फाटकात आडवे! फाइल उघडून म्हणतात, "या गाडीची नोंद नाही. पाहुण्यांच्या गाड्या बाहेर." गिलरॉयनी चष्मा काढला. घडी घातली. खिशात ठेवला. आणि पिंडरच्या जबड्यावर असा ठोसा दिला की ते फाइलसकट गुलाबाच्या वाफ्यात! गिलरॉयनी आडवा दांडा वर केला, चष्मा घातला आणि म्हणाले, "माफ करा हं." गाडी आत.

म्युरिअलबाई वाचल्या! तीन बरगड्या गेल्या, पण वाचल्या. डॉक्टर म्हणाले, हात जड आहे तुमचा, पण वेळेवर पडला. ईनिडनं मला दवाखान्याच्या बाकावर गाठलं, माझ्या डोक्यावरची टेंगळं मोजली, सात, आणि तिथेच बसून माझ्या बाहीला डोळे पुसत राहिली. "मी ओरडत होते रे," म्हणाली, "मला वाटलं, आता कोणी येत नाही. रोज ओरडणाऱ्या बाईकडे कोण येतं?" मी म्हटलं, आलो ना.

आता या वर्षी पुन्हा तीच जागा. सोळा नंबरचा पडदा उघडा असतो. म्युरिअलबाई खिडकीत बसतात, मला हात करतात. डॉक्टरांनी त्यांना मारामारी बंद सांगितलीय, कायमची. आणि ईनिडबाई पडल्या आजारी! खाईनात, झोपेनात. जी उलट मारू शकत नाही तिला मारायचं नाही, हे त्यांचं तत्त्व. पण चार वाजले की हात शिवशिवतात हो, पन्नास वर्षांची सवय! मग म्युरिअलबाईंनीच मला निरोप धाडला. तेव्हापासून रोज चारला मी सायकलचं हेल्मेट घालून जातो. ईनिडबाई उलथनं घेतात, म्युरिअलबाई खुर्चीतून सांगतात, "डावीकडून, ईनिड, त्याची डावी बाजू कच्ची आहे!" आणि बरगड्या धरून हसतात. मग चहा. स्कोन. पाच वाजता मी लंगडत परत.

ग्लेंडा म्हणते, बरं झालं बाई, चार लोकांत मिसळायला तरी लागलास!