जांभईची तोंडी परीक्षा

...नाही, माझी तक्रार नाही, पण तुम्हीच सांगा, उभा जन्म मी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवलं, एकेक शब्द तोलून, मध्ये थांबून, खाकरून, चष्मा सावरून, 'म्हणजे बघा' म्हणून... आणि एक दिवस विभागप्रमुख म्हणतात, सर, तुमची व्याख्यानं मोबाइलवर टाकू या, मुलं वाटेल तिथे ऐकतील! मी म्हटलं, वर्गात बसून ऐकत नाहीत ती बसमध्ये ऐकणार? निकालाचा बट्ट्याबोळ होईल, लिहून देतो! पण टाकलीच त्यांनी, आणि परीक्षेपर्यंत वर्गाला सुट्टी!

आता वर्गात एक मुलगी, तिला सगळे जांभई म्हणतात. वर्ग भरायचे तेव्हा मी फळ्याकडे वळलो की हिचा जबडा उघडलाच! गेल्या वर्षी तोंडी परीक्षेत गडगडली, या वेळी नापास झाली की अभ्यासक्रमातूनच बाहेर. मुलगी गुणी हो, जीव तुटायचा माझा. आणि ही सदानकदा मोबाइलला चिकटलेली! माझी तक्रार नाही, पण मी आशाच सोडली होती.

परीक्षेला बाहेरून बाई आल्या, अशा कडक की हसणं माहीतच नाही. त्यांनी विचारलं, प्रमाण विचलन म्हणजे काय? आणि जांभई जी सुटली! आकडे सरासरीपासून किती पसरलेत इथपासून जे सुरू झालं... श्वास नाही, उसंत नाही! मध्येच खाकरली, थेट माझ्यासारखी! नाकावर नसलेला चष्मा सावरला, 'म्हणजेबघा' म्हणाली, की पुन्हा सुसाट! बाई माझ्याकडे बघतायत, मी छताकडे. शेवटी बाईंनी विचारलं, "अगं, असं कोण बोलतं?"

"सर बोलतात. आम्ही सगळे त्यांना दुप्पट वेगानेच ऐकतो."

तुम्हाला सांगतो, पास! नुसती पास नाही, वर्गात पहिली! आणि वर्गाचा निकाल असा की विभागप्रमुख मला मिठी मारायला धावले. मला इतका आनंद झाला, इतका, की बाहेर जाऊन डोळे पुसून आलो.

माझी तक्रार नाही, पण दुसऱ्या दिवशी वर्ग पुन्हा भरला, मी आपलं नेहमीसारखं सुरू केलं, तर सगळी मुलं आजाऱ्याकडे बघावं तशी माझ्याकडे बघतायत. तास संपल्यावर जांभई जवळ आली, काळजीने म्हणाली, "सर, बरं नाही का? आज फार हळू बोलताय."

काय करणार? तेव्हापासून मी हा असा बोलतो. बायको मात्र खूश आहे. म्हणते, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तुमचं वाक्य चहा निवायच्या आत संपलं.